चामडं तासायचं जुनं मशीन, पाटी गायब, पार्ट शोधायचे कसे?

पट्टेवाली

नमस्कार मंडळी. मी पट्टे, पाकिटं, बॅगांची हँडल असलं काम करते. आजवर सगळ्या कडा रापीनेच तासत आले, आता मनगट बोलायला लागलं म्हणून एक जुनं स्कायव्हिंग मशीन घेतलं, तेच ते घंटेसारखं गोल पातं फिरतं ते. विकणारा म्हणाला चालू आहे. चालू म्हणजे मोटर फिरते, एवढंच खरं निघालं.

दुखणं असं. रिकामं चालवलं की सगळं झकास, पातं फिरतंय, खालचा रोलर फिरतोय. चामडं सरकवलं की दोन बोटं आत जातं आणि थबकतं, आणि थबकलं की पातं तिथल्या तिथे खात बसतं, कडेला भोक. धार लावून बघितली, फूटचा (चामडं वरून दाबून धरणारा पाय) दाब कमी जास्त करून बघितला, फरक शून्य.

तर मला हवंय: फीड रोलर (गुळगुळीत झालाय), पातं (फार उरलेलं नाही), दगड (कडेचा टवका उडालाय) आणि फूट आवळायचा एक स्क्रू, जो नाहीच आहे. मशीनवर नावाची पाटी नाही, पाटीची दोन भोकं तेवढी आहेत. ऑनलाइन तीन जणांना विचारलं, तिघांचं एकच, मॉडेल नंबर सांगा. मॉडेल नंबर असता तर विचारलं कशाला असतं. डाव्या बाजूला बीडावर एक चार आकडी नंबर उठलेला आहे, तो सर्चला टाकला तर भलतंच काहीतरी येतं.

आरीवाला

ताई, तो उठलेला नंबर विसरा. ओतकामात जो नंबर येतो तो बहुतेक वेळा साच्याचा असतो, त्या एका तुकड्याचा, मशीनचा नाही. त्यावरून शोधत माझा अख्खा महिना गेला होता. मॉडेल नि सिरियल हे पाटीवर असतं नाहीतर ठोकून उमटवलेलं असतं. ठोकलेले आकडे खोलगट, ओतलेले उठाव आलेले. रंगाचे थर चढलेत का? टेबलाला लागणारी सपाट बाजू आणि मोटरकडची बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसून बघा, कधीकधी तिथे सापडतं.

नाही सापडलं तरी फार अडत नाही. ही घंटापात्याची मशीनं म्हणजे एकाच घराण्यातली भावंडं. जर्मनीची फोर्टुना, श्टुटगार्टच्या कानश्टाट भागातली, ती यातलं जुनं नाव. मग इटलीची फाव, जपानची निप्पी, आणि नंतर चीनमधून ८०१ नावाने निघालेली असंख्य मशीनं. कॉन्स्यूचं डीसीएस-एस४, टेकस्यूचं एसके-४ ही पण त्याच चालीची. म्हणजे पार्ट आंधळेपणाने एकमेकांना बसतात असं नाही हां, पण रचना ओळखीची असते, त्यामुळे मापावरून शोधता येतं. चारी बाजूंनी फोटो टाका, आणि फोटोत पट्टी ठेवा, नुसता फोटो काही कामाचा नाही.

लेथमास्तर

फोटो येतील तेव्हा येतील, आधी एक विचारतो. दगड म्हणजे कुठला दगड? या मशीनमध्ये दोन दगड असू शकतात. एक पात्याला धार लावणारा, तो वेगळा फिरतो आणि आपण नॉब फिरवून पात्याला टेकवतो. दुसरा म्हणजे फीड रोलरच, तो पण बऱ्याचदा कार्बोरंडमचा असतो, चामडं ओढणारा. दोघांना सगळे दगडच म्हणतात आणि मग ऑर्डर चुकतात.

दुसरं. तुम्ही चार पार्टची यादी दिलीत पण दुखणं एकच सांगितलंत. चामडं थबकतं. यातला कुठला पार्ट बदलला की थबकणं थांबेल हे ठरलंय का? रोलर गुळगुळीत आहे म्हणून तोच गुन्हेगार असं नाही. काही विकत घ्यायच्या आधी खडूची परीक्षा करा.

मशीनचा प्लग काढा. स्विच बंद नाही, प्लगच काढा. क्लच मोटर असेल तर स्विच बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते, ती थांबू द्या. मग फीड रोलरवर एक खडूची रेघ, त्याला फिरवणारा जो शाफ्ट मागून येतो त्याच्यावर एक, आणि शाफ्टच्या मागच्या टोकाला जिथे गिअरपेटी आहे तिथे एक. तिन्ही रेघा एका ओळीत. आता फूटखाली जाड चामड्याचा तुकडा दाबून हाताने पुली फिरवा. बघा कुठली रेघ मागे राहते.

अर्धवट_ज्ञानी

एवढं करण्यापेक्षा नवीन ८०१ घेऊन टाका ना सरळ. जुन्या मशीनच्या नादात वेळ जातो, पार्ट मिळत नाहीत, मिळाले तर बसत नाहीत. माझं मत.

आरीवाला

असं म्हणणारा प्रत्येक धाग्यात एक असतोच :) नवीन घेतलं तरी पहिले दोन आठवडे ते जुळवण्यातच जातात. फूट आणि पात्यातली फट, रोलरची उंची, दगडाची जागा, हे नव्यालाही करावंच लागतं. जुन्याचं बीड बसलेलं असतं, शाफ्ट सरळ असेल तर ते मशीन अजून आपल्या नातवंडांना पुरेल. मात्र मुख्य शाफ्टच झिजला असेल किंवा बॉडीला तडा असेल तर अर्धवटभाऊंचं बरोबर, मग नाद सोडावा.

पट्टेवाली

फोटो टाकलेत. रॉकेलने पुसलं, टेबलाखालच्या बाजूला पाच आकडे ठोकलेले मिळाले, पण नाव कुठेच नाही. मोटरला स्वतःची पाटी आहे, तिच्यावर १४४० आरपीएम लिहिलंय.

मास्तर, दगड म्हणजे धार लावायचा दगड. रोलर पण दगडाचाच आहे हे तुम्ही सांगितल्यावर नीट बघितलं, वर काळा तुकतुकीत थर होता, नखाने खरवडला तर खाली खरखरीत निघालं! खडूचं उद्या करते.

लेथमास्तर

तो काळा थर म्हणजे चामड्यातलं तेल, रंग आणि भुसा, दाबून दाबून बसलेला. क्रोम टॅनच्या (क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या) मऊ तेलकट चामड्याने हे फार होतं. म्हणजे तुमचा रोलर झिजलेला नाही, माखलेला आहे. रॉकेल आणि पितळी ब्रशने घासा, तारेचा स्टीलचा ब्रश नको. एक पार्ट यादीतून कमी.

मोटरच्या पाटीचा मशीनशी संबंध नाही, मोटर कधीही बदललेली असू शकते. पण आकडा उपयोगी आहे. मोटरच्या पुलीचा व्यास गुणिले १४४० भागिले मशीनच्या पुलीचा व्यास. म्हणजे ७० ची पुली १०० च्या पुलीला फिरवत असेल तर १००८ आरपीएम. मशीनच्या पुलीपुढे आत कुठे गिअर वगैरे आहे का तेही बघा. धारेचा दगड घेताना हे गणित लागेल, कारण त्या दगडावर जास्तीत जास्त वेग छापलेला असतो आणि आपला वेग त्याच्या आतच पाहिजे.

निळी_शाई

रोलरवरून आठवलं म्हणून माझी फजिती सांगतो. मी पण असाच फोटो बघून फीड रोलर मागवला होता, विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं बसेल. बसला पण. शाफ्टवर गपकन बसला. पण रोलरचा तोंडाकडचा आकार वेगळा, पात्याच्या आतल्या गोलाईला जुळणारा नाही, एका टोकाला पात्याला घासायचा आणि दुसऱ्या टोकाला एवढी फट की पातळ चामडं तिथून आत ओढलं जायचं. त्याला विचारलं तर म्हणतो तुमच्या मशीनमध्ये फॉल्ट आहे. भोकाचं माप जुळलं म्हणजे पार्ट जुळला असं नाही एवढं शिकलो.

आणि रोलर दगडाचाच हवा असं काही नाही. कडक व्हेज टॅन (झाडांच्या सालींनी कमावलेलं चामडं) जास्त करत असाल तर खाचांचा स्टीलचा चांगला पकडतो. रबर किंवा पीयूचा रोलर पातळ नाजूक मालाला आणि रेक्झिनला, डाग वळ उठत नाहीत. मिसळ काम असेल तर दगडच बरा.

पट्टेवाली

मी निम्मं व्हेज टॅन निम्मं क्रोम करते, म्हणजे दगडच ठेवते मग.

स्क्रूचं सांगा ना कोणी. बाकी सगळ्यात सोपं तेच वाटत होतं आणि तेच होईना. ६ एमएमचा बोल्ट आणला, दोन आटे जातो आणि घट्ट होतो. जोर लावावा का?

लेथमास्तर

अजिबात नाही!! हात मागे घ्या.

दोन आटे जाऊन अडकतो म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, वेगळी आहे. भोकातून खरं कळत नाही, त्याच मशीनवरचा दुसरा कुठलातरी तसाच स्क्रू काढा आणि वर्नियरने बाहेरचं माप घ्या. ५.९ च्या आसपास आलं तर एम६, त्याची पिच १ एमएम. ६.३ च्या आसपास आलं तर तो पाव इंची, कारण पाव इंच म्हणजे ६.३५. पाव इंचीला इंचात २० आटे असतात, पण इथेही मेख आहे, ब्रिटिश व्हिटवर्थलाही २० आणि अमेरिकन यूएनसीलाही २०, फक्त आट्याचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. एकमेकात जातात, पण नीट बसत नाहीत. पिच गेज घ्या, छोट्या पात्यांचा जुडगा असतो तो, दातात दात घालून उजेडाकडे धरायचं, मधून उजेड दिसला की चुकलं.

आणि हे सगळं करून काहीच जुळेना तर शिलाई मशीनचे आटे आहेत का बघा. तिथे ११/६४ इंचाला ४०, १५/६४ ला २८ असले विचित्र आटे चालतात, हार्डवेअरच्या दुकानात जन्मात मिळणार नाहीत, पण शिलाई मशीनवाल्याकडे डबाभर पडलेले असतात. १५/६४ म्हणजे ५.९५. एम६ सारखाच दिसतो आणि दोन आटे जाऊन अडकतो ;)

पट्टेवाली

बाजूचा स्क्रू काढला, ५.९ भरला!! आणि पिच गेज नव्हता म्हणून कंगव्यासारखं आणलेल्या एम६ बोल्टला टेकवून धरला, पहिले दोन दात जुळतात आणि पुढे सरकत जातात. म्हणजे १५/६४?

लेथमास्तर

बहुतेक हो. टेकवून बघायची युक्ती झकास, मी पण असंच करतो गेज सापडेना की.

आरीवाला

फोटो बघितले. फूट, पात्याचं घर, वरचे दोन नॉब सगळं ओळखीचं आहे, ८०१ च्या चालीचंच, पण गिअरपेटीचं झाकण वेगळं दिसतं. तेव्हा फूट आणि पातं ८०१ चं बसायची आशा धरा, आतल्या गिअरची धरू नका.

शोधताना एक करा. आपण सगळे इंग्रजी नावानेच शोधतो आणि तीच तीच पानं येतात. जर्मनमध्ये या मशीनला लेडर-शेर्फमशीने म्हणतात, आणि घंटापातं म्हणजे ग्लोकेनमेसर. इटालियनमध्ये मशीन म्हणजे स्कार्नित्रीचे. स्पॅनिशमध्ये रेबाहादोरा. जपानीत कावासुकी-की. भाषांतराच्या ॲपमधून त्या त्या लिपीत स्पेलिंग काढून शोधलं की जुन्या कारखान्यांचा माल, पार्टचे तक्ते, सुटे केलेले फोटो असं भरपूर निघतं. मला माझ्या मशीनचा सगळे पार्ट उलगडून दाखवणारा नकाशा इटालियन शब्दानेच मिळाला, आणि त्यात पार्ट नंबर होते. नंबर हातात आला की विकणाऱ्याशी बोलणं दोन मिनिटांचं होतं.

पट्टेवाली

स्कार्नित्रीचे! नाव काय गोड आहे.

खडूची परीक्षा केली. लिहिते नीट.

तीन रेघा मारल्या, ३ एमएमचा व्हेज टॅनचा तुकडा फूटखाली दाबला, पुली हाताने फिरवली. गिअरपेटीकडची रेघ फिरली. शाफ्टवरची रेघ फिरली. रोलरची रेघ जागेवरच! शाफ्ट फिरतोय आणि रोलर नुसता बघत बसलाय. तुकडा काढला, परत फिरवलं, आता तिन्ही एकत्र. मग रोलर आणि शाफ्टच्या मधे एक क्रॉससारखा सांधा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना अजून रेघा मारल्या. घसरतंय ते सांध्याच्या रोलरकडच्या कानात. त्या कानातून एक पिन आरपार गेलीय पण ती तर शाबूत दिसते, दोन्ही टोकं दिसतात.

लेथमास्तर

शाबास. पिन शाबूत नाही, मधून तुटलीय. बाहेरचे दोन तुकडे कानात, मधला तुकडा शाफ्टमध्ये, तिन्ही एका रेषेत आले की अखंड दिसते. रिकामं असताना नुसत्या घर्षणाने रोलर फिरतो, भार आला की घसरतो. हे दुखणं फार फसवं, लोक रोलर बदलतात, पातं बदलतात आणि हे तसंच राहतं.

तो सांधा युनिव्हर्सल जॉइंट. रोलरचा आडका (रोलर धरून ठेवणारा भाग) वरखाली होतो ना, गिअरपेटी मात्र जागेवर, म्हणून मधे लवचिक सांधा लागतो.

पिन काढताना सावध. दोन्ही टोकांचा व्यास मोजा. सारखा असेल तर सरळ पिन, कुठूनही ठोका. एक टोक बारीक असेल तर टेपर पिन, मेट्रिक असेल तर उतार १:५०, म्हणजे २५ एमएम लांबीत अर्ध्या एमएमचा फरक, डोळ्याला कळतही नाही. टेपर पिन बारीक टोकाकडून ठोकायची. जाड टोकाकडून ठोकलीत तर अजून गच्च होते. आणि खाली टेकू द्या, नाहीतर शाफ्ट वाकेल, मग मी पण काही करू शकत नाही.

पट्टेवाली

एक टोक ४.०, दुसरं ३.७ च्या आसपास. आणि काल रात्री मी कुठल्या बाजूने ठोकत होते ते विचारू नका.

निळी_शाई

आम्ही सगळेच आधी जाड बाजूने ठोकलेले आहोत ताई :D पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या.

पट्टेवाली

निघाली. तीन तुकडे. मधला तुकडा कडेने चमकतोय आरशासारखा, म्हणजे बरेच दिवस घासत होता. आता प्रश्न, मला एका ओळखीच्या फिटरने जुन्या ड्रिल बिटचा दांडा कापून दिलाय, म्हणतो हा जन्मात तुटणार नाही. घालू?

लेथमास्तर

नका घालू. जन्मात तुटणार नाही हेच तर नको आहे. त्या जागेची पिन मऊ असते ती काटकसर म्हणून नाही. काही अडकलं तर आधी पिन तुटावी. ती तुटली नाही तर मागे वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आणि त्याचं चाक आहे, चाक बहुतेक ब्राँझचं, त्याचे दात जातील. पिन अर्ध्या तासात होते. वर्मचं चाक म्हणजे दात मोजा, मॉड्यूल (दातांचं माप) काढा, कोन काढा, मग कापणारा शोधा. साध्या गिअरचं सोपं असतं, बाहेरचा व्यास भागिले दात अधिक दोन म्हणजे मॉड्यूल. २४ दात, २६ एमएम, झालं मॉड्यूल १. वर्मचाकाला ते गणित तसं चालत नाही.

साधी माइल्ड स्टीलची तयार टेपर पिन मिळते, जाडी बारीक टोकावरून सांगतात. भोक लंबगोल झालं असेल तर टेपर रीमरने (भोक उतारात तासायचं हत्यार) हलका हात फिरवून एक माप वरची घाला.

अर्धवट_ज्ञानी

ड्रिलचा दांडा सरळ असतो, टेपर भोकात तसाही एकाच टोकाला टेकला असता ना?

लेथमास्तर

अर्धवट साहेब, आज पूर्ण बोललात.

आरीवाला

पण मास्तर, पिन तुटली का हा प्रश्न राहिलाच की. नवीन घातली आणि परत तुटली तर?

लेथमास्तर

तेच लिहिणार होतो. ताई, सांधा सुटाच आहे आता, तर रोलर नुसता बोटाने फिरवून बघा. लोण्यासारखा फिरला पाहिजे.

पट्टेवाली

फिरत नाही! म्हणजे फिरतो पण जोर लावून. आडका उघडला. रोलरच्या शाफ्टला पितळी रंगाचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आहे, त्याच्यावर तेलाचं भोक, आणि त्या भोकात चामड्याचा भुसा नि ग्रीस बसून लाकडासारखा बूच झालेला. सुईने टोकरून काढला, दाण्याएवढा निघाला, अखंड, भोकाच्या आकाराचा. कोणीतरी वरून तेल सोडत असणार आणि ते वरच्या वर वाहून जात असणार. बुश आतून कोरडं ठणठणीत. पुसून, तेल घालून, चार वेळा फिरवलं तर आता फुंकरीने सुद्धा फिरतो म्हटलं तरी चालेल. (नाही फिरत, पण जवळपास.)

लेथमास्तर

मिळाला गुन्हेगार. बुशमध्ये शाफ्ट हलवून बघा, खडखड नसेल तर बुश पण ठेवा. तिथे ग्रीस नको, पातळ मशीन ऑइलच, ग्रीसने भुसा धरला जातो.

उघडलंच आहे तर मुख्य शाफ्टची बेअरिंग पण बघा. जुनं मशीन, कंपनी गायब, तरी बेअरिंगची चिंता नसते. कडेवर नंबर असतो, तोच नंबर जगभर तेच माप. ६२०२ म्हणजे आत १५, बाहेर ३५, रुंदी ११. शेवटचे दोन आकडे ०४ आणि पुढचे असतील तर पाचाने गुणा, आतलं भोक मिळतं, त्याआधीचे ००, ०१, ०२, ०३ म्हणजे १०, १२, १५, १७. या कामाला मागे २आरएस लिहिलेलं घ्या, रबरी सीलचं, भुसा आत जात नाही.

पट्टेवाली

बेअरिंग गुपचूप आहेत, आवाज नाही, हात लावत नाही.

यादीत आता धारेचा दगड आणि पातं राहिलं. दगडाचा टवका उडालाय पण धार लागते तशी. चालवू का अजून?

निळी_शाई

दगड सुटा करून बोटावर टांगा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत तडा आहे, फेकून द्या. टवका उडालेला तर वाजला तरी फेका असं माझं मत, फिरता दगड फुटला तर तुकडे तोंडावर येतात. नवीन घेताना व्यास, जाडी, भोक आणि तो दांड्यावर कसा बसतो, आट्याने की नटने, हे चार बघा.

अजून एक, धार लावताना ठिणग्या उडतात आणि खाली पेटीत चामड्याचा कोरडा भुसा भरलेला असतो. आधी पेटी रिकामी करायची. माझ्याकडे एकदा धार लावून मी जेवायला गेलो आणि परत येतो तो पेटीतून बारीक धूर, ज्योत नाही, नुसतं धुमसत होतं.

पट्टेवाली

बापरे. वाजवला. बद्द. गेला कचऱ्यात.

आरीवाला

पात्याचं सांगतो, कारण यात सगळ्यात जास्त चुका होतात. पातं संपलं कधी म्हणायचं? धार लावून लावून पातं आखूड होत जातं, तेवढं आपण नॉबने पुढे आणत राहतो. नॉब शेवटाला आला आणि तरी पात्याची धार फूटच्या जवळ येईना, कागदाच्या जाडीएवढी फट ठेवता येईना, तर संपलं. तोवर आहे. तुमच्या फोटोत नॉबचे बरेच आटे शिल्लक दिसतायत, म्हणजे घाई नाही, सावकाश शोधा.

मागवताना तोंडाचा बाहेरचा व्यास, पूर्ण खोली, मागचं भोक, आणि ते कसं आवळलंय, मधे एक नट की गोलात स्क्रू, स्क्रू असतील तर किती आणि समोरासमोरच्या स्क्रूंचं अंतर किती. खोली मोजताना तुमचं पातं झिजलेलं आहे हे ध्यानात ठेवा, नवीन लांब असणार. आणि काढताना नट हलेना तर उलट्या आट्याचा आहे का बघा आधी, फिरत्या शाफ्टवर असे असतात.

निळी_शाई

नवीन लांब असणार हे दोनदा वाचा. मी नवीन पातं बसवलं, आवळलं, खूश होऊन पुली फिरवली आणि कर्र. नॉब जुन्या झिजलेल्या पात्याच्या हिशोबाने पुढे आणलेला होता ना, नवीन पातं त्या हिशोबाने थेट फूटमध्ये घुसलं. कोऱ्या धारेला पहिल्याच फेरीत चार खाचे. आधी नॉब पूर्ण मागे, धारेचा दगड मागे, फूट वर, मग पातं बसवायचं, मग हाताने एक पूर्ण फेरी, मग प्लग. जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून धारेवर चढवा, हात कापत नाही.

पट्टेवाली

लिहून भिंतीवर लावते हे.

पट्टेवाली

अपडेट. टेपर पिन बसवली, १५/६४ चा स्क्रू शिलाई मशीनवाल्याकडेच मिळाला (मास्तर __/\__), धारेचा दगड मापावरून मागवला तो आला आणि बसला. धार लावली, बाहेरून बर (धारेवर वळलेला बारीक काठ) आली होती ती छोट्या दगडाने अलगद काढली. मग ३ एमएमचा पट्टा घातला.

गेला! सरळ, न थांबता, एका दमात, मागून फीत अशी लांबच लांब गुंडाळी होऊन पेटीत. कड मोजली, टोकाला ०.८, सगळीकडे. दुसऱ्या पट्ट्याला शेवटच्या चार बोटांत जरा लाट आली, पण तो माझा हात हलला असणार.

म्हणजे चार पार्टच्या यादीतले लागले दोन, आणि जे खरं लागलं ते यादीत नव्हतंच.

आरीवाला

फीतीचा फोटो टाका की!

लेथमास्तर

लाट हाताने नाही, गाइड ढिला असेल. कडेला टेकायचा जो गाइड आहे तो आवळा आणि परत बघा.

पट्टेवाली

होता ढिला. त्याचा पण स्क्रू ६ एमएमचा घुसवलेला आहे कोणीतरी, आटे खाऊन. आता?

लेथमास्तर

आता भोक मोठं करून नवीन आटे पाडायचे किंवा आट्याचं इन्सर्ट बसवायचं. त्यासाठी वेगळा धागा काढा, याचे प्रतिसाद फार झाले.